पहारीची लांबी: गिअरचे रेशो, पिकअप आणि ॲव्हरेज

नवी गाडी दारात उभी राहिली की पेढा तोंडात टाकता टाकता लोक दोन प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती देते? पिकअप कसा आहे? उत्तरं बहुतेक वेळा इंजिनाच्या नावावर दिली जातात: इतके सीसी, इतके बीएचपी. पण एकच इंजिन दोन वेगळ्या गाड्यांत बसवलं तर एक गाडी घाटात सरसर चढते आणि दुसरी दम खाते. एक हायवेला लिटरमागे दोन किलोमीटर जास्त काढते, दुसरी काढत नाही. वजन, आकार, टायर ही कारणं असतातच. त्यांच्या जोडीला एक कारण गिअरबॉक्समध्ये असतं आणि त्याच्याबद्दल विचारणारा माणूस मला क्वचितच भेटलाय. पूर्वी माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत गिअर रेशोची पाच-सहा आकड्यांची ओळ असायची. हल्ली पुष्कळ कंपन्या ती छापतही नाहीत. हा लेख त्या ओळीबद्दल आहे.

रेशो म्हणजे काय ते मला खऱ्या अर्थानं समजलं एका ट्रकच्या गॅरेजमध्ये. मेस्त्रींनी मागचा धुरा उघडला होता आणि क्राऊन-पिनियनची जोडी डिझेलनं धुऊन पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवली होती. परातीएवढं क्राऊन, मुठीएवढं पिनियन. त्यांनी क्राऊनच्या एका दाताला खडू लावला आणि म्हणाले, ‘पिनियन फिरवा, मोजा.’ सहा फेरे झाले तरी खडूची खूण जागेवर आली नाही. सातवा फेरा संपत येता येता ती आली. क्राऊनला ४१ दात, पिनियनला ६, भागाकार ६.८३. मी विचारलं, सरळ ४२ दात करून सातचा रेशो का नाही ठेवत? ते म्हणाले, ‘मग तोच दात जन्मभर त्याच दाताला भेटत राहील. एकाला खड्डा पडला की दुसऱ्यालाही पडणार. ४१ असले की प्रत्येकाला प्रत्येक जण भेटतो, झीज वाटून जाते.’ गिअरच्या आकड्यांत सहसा पूर्णांक का दिसत नाहीत, याचं इतकं सोपं उत्तर मला नंतर कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

आता कारकडे येऊ. हिशेबासाठी एक साधी पेट्रोल हॅचबॅक घेऊ, माणसांसकट १,२०० किलोची. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जास्तीत जास्त ११० न्यूटन-मीटर. पाच गिअर: ३.५, १.९, १.३, १.० आणि ०.८. चाकांना जोडणारा शेवटचा टप्पा, म्हणजे फायनल ड्राइव्ह, ४.२. टायरचा घेर १.८ मीटर. हे आकडे कुठल्या एका मॉडेलचे नाहीत, पण आपल्या रस्त्यावरच्या नेहमीच्या गाड्या याच्याच आसपास असतात.

पहिल्या गिअरमध्ये ३.५ गुणिले ४.२, म्हणजे १४.७. चाक एकदा फिरायला इंजिन जवळजवळ पंधरा वेळा फिरतं. त्या बदल्यात चाकाच्या कडेला जो जोर मिळतो तो, गिअरबॉक्समधली घट वजा जाता, सुमारे ५३० किलोचा. पाचव्या गिअरमध्ये इंजिनाला चाकाच्या एका फेऱ्यासाठी ३.३६ फेरे पुरतात, आणि जोर उतरून १२० किलोवर येतो. शेतातला धोंडा पहारीनं हलवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. दांडा लांब धरला तर हात वीतभर हलतो, धोंडा बोटभर, पण हलतो. पहिला गिअर म्हणजे लांब पहार, पाचवा म्हणजे आखूड.

पहारीनं माणसाच्या दंडात बळ येत नाही, आणि गिअरनं इंजिनात हॉर्सपॉवर येत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवली की या विषयातले निम्मे वाद मिटतात. गिअर जोर वाढवतो तेव्हा त्याच प्रमाणात वेग घटवतो; दोहोंचा गुणाकार, म्हणजे शक्ती, तेवढाच राहतो, उलट दातांच्या घासण्यात थोडा कमीच होतो. मग गिअर करतो काय? ज्या वेगाला गाडी चालली आहे, त्या वेगाला इंजिन किती फेऱ्यांवर राहील हे तो ठरवतो. पिकअपसाठी इंजिन जास्त फेऱ्यांवर लागतं, कारण त्याची पूर्ण ताकद तिथे असते. ॲव्हरेजसाठी ते कमी फेऱ्यांवर लागतं. भांडण एवढंच आहे, आणि ते मोटारीइतकंच जुनं आहे.

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना, ऑयगेन आणि रिशार्ड यांना घेऊन नवऱ्यानं बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली. शंभरएक किलोमीटरचा तो प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. सपाटीवर गाडी धावली; चढ आला की मुलांनी उतरून ढकलायची. परत आल्यावर बर्थानं कार्ल बेंझला सुचवलं की चढासाठी आणखी एक गिअर हवा, आणि त्यानं तो बसवला. वीस वर्षांनी, १९०८ मध्ये, फोर्डची मॉडेल टी आली. तिला पुढे जायचे दोनच गिअर होते. रिव्हर्सचा रेशो पहिल्या गिअरपेक्षाही जोरकस होता, आणि टाकीतलं पेट्रोल पंपाशिवाय, केवळ उतारानं इंजिनाकडे वाहत असे. त्यामुळे फारच उभा चढ आला की लोक गाडी वळवून उलटी चढवत. चढ चढायला ताकदीइतकाच रेशोही लागतो, याचं इतकं ढळढळीत उदाहरण दुसरं नसेल.

आपल्याकडची पद्मिनी आणि अॅम्बेसेडर अनेक वर्षं चार गिअरवरच चालली. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, आणि चौथा गिअर ‘डायरेक्ट’, म्हणजे एकास एक. त्या रचनेत चौथ्या गिअरला ताकद एकाही जोडीच्या दातांतून जात नाही. येणारा आणि जाणारा दांडा थेट एकमेकांना जोडला जातो, त्यामुळे घासण्यात जाणारी घट कमी. पण ताशी ७०-८० च्या पुढे ही इंजिनं ओरडायला लागत, कारण पुढे टाकायला गिअरच नसे. मारुती ८०० सुद्धा बहुतेक काळ चार गिअरची होती आणि २००९ ची नॅनोही चारचीच. शहरासाठी बांधलेल्या हलक्या गाडीला तेवढे पुरतात. मुंबईच्या टॅक्सीला पाचवा गिअर असता तरी तो दिवसातून किती वेळा पडला असता?

आता इंधनाकडे येऊ. या विषयातला खरा गाभा मला इथे वाटतो, आणि गैरसमजही इथेच सगळ्यात जास्त आहेत.

ताशी ८० च्या स्थिर वेगानं सपाट रस्त्यावर चालायला आपल्या हॅचबॅकला साधारण १० हॉर्सपॉवर लागतात. शंभरला १७. एकशेवीसला २७. वारा आणि टायरचं घर्षण यांचा हा हिशेब आहे. ऐंशी हॉर्सपॉवरचं इंजिन एक्सप्रेस-वेवर शंभरनं जाताना स्वतःच्या ताकदीचा पाचवा हिस्साच वापरत असतं. आणि पेट्रोल इंजिनाला नेमकं हे अर्धपोटी काम परवडत नाही. कमी ताकद हवी म्हणून आपण पाय हलका ठेवतो, तेव्हा हवेच्या वाटेवरची झडप, म्हणजे थ्रॉटल, जवळजवळ मिटलेली असते. त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची शक्ती जाते. नाक चिमटीत धरून धावावं तसं. शिवाय पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, ऑइल पंप यांचं घर्षण प्रत्येक फेऱ्याला द्यावं लागतं, काम थोडं असो की जास्त.

इंजिन बनवणाऱ्यांकडे प्रत्येक इंजिनाचा एक नकाशा असतो. आडवे मोजलेले मिनिटाचे फेरे, उभा मोजलेला टॉर्क, आणि मध्ये सह्याद्रीच्या टोपोशीटवर असतात तशा समोच्च रेषा. प्रत्येक रेषा सांगते की एका युनिटाएवढं काम करायला किती ग्रॅम इंधन जाळावं लागेल. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच युनिट. चांगल्या पेट्रोल इंजिनाच्या नकाशात सगळ्यात काटकसरीची जागा २५० ग्रॅमच्या आसपास असते, साधारण २,००० ते ३,००० फेऱ्यांच्या दरम्यान आणि पाऊण भारावर. तिथून हलक्या भाराकडे घसरत गेलं की आकडा ३०० होतो, ४०० होतो, त्याच्याही वर जातो.

गिअर बदलणं म्हणजे या नकाशावर जागा बदलणं. शंभरच्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये आपलं इंजिन मिनिटाला सुमारे ३,९०० फेरे मारतं आणि आपल्या टॉर्कचा फक्त तीस टक्के भाग वापरतं. पाचवा टाकला की फेरे ३,१०० वर येतात, आणि तेवढीच शक्ती काढायला टॉर्क मात्र अडतीस टक्के लागतो. फेरे उतरले, भार वाढला, झडप जरा उघडली, इंजिनानं मोकळा श्वास घेतला. नकाशावर ही जागा चौथ्यात समजा ३४० ग्रॅमची आणि पाचव्यात ३१० ग्रॅमची निघाली, तर लिटरमागे १६ किलोमीटरचे साडेसतरा होतात. गाडी तीच, रस्ता तोच, वेगही तोच.

म्हणजे वरचा गिअर पेट्रोल वाचवतो तो दोन वाटांनी: घर्षणाचे फेरे कमी करून, आणि इंजिनाला पोटभर काम देऊन. ‘आरपीएम कमी म्हणजे पेट्रोल कमी’ या सूत्रात दुसरी वाट सुटून जाते. बचत फेऱ्यांच्या प्रमाणात होत नाही तीही याच कारणानं. पाचव्या गिअरचा रेशो ०.८ चा ०.७ केला तर शंभरला फेरे ३,१०० वरून २,७०० वर येतील, म्हणजे आठव्या हिश्शानं कमी. पेट्रोल काही आठव्या हिश्शानं वाचणार नाही. काही टक्के वाचेल. आणि जसजसं काटकसरीच्या जागेजवळ जाऊ तसतशी प्रत्येक पुढच्या पावलाची कमाई घटत जाते. डिझेल इंजिनाला हवा रोखणारी अशी झडप नसते, त्यामुळे उंच गिअरचा फायदा तिथे मुख्यतः घर्षणापुरता.

चालवण्यासाठी यातून एक गोष्ट निघते, आणि ती आपल्या सवयीच्या उलट आहे. ॲव्हरेज काढायचं म्हणून लोक पाय अगदी हलका ठेवून पहिल्या-दुसऱ्यात रेंगाळत वेग घेतात. त्यापेक्षा पाय बऱ्यापैकी दाबून, दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास लगेच वरचा गिअर टाकत गेलं तर कमी इंधनात वेग मिळतो. युरोपात २०१२ नंतर मंजुरी मिळालेल्या नव्या मॉडेलच्या मॅन्युअल कारमध्ये गिअर बदलायचा बाण डॅशबोर्डवर दाखवणं सक्तीचं झालं. आपल्याकडेही तो बाण आता बहुतेक गाड्यांत दिसतो, आणि पुष्कळांना तो घाईचा वाटतो. सपाट रस्त्यावर तो बरोबर असतो.

घाटात मात्र तो दुर्लक्षायचा. चिपळूणहून कऱ्हाडकडे कुंभार्ली घाट चढताना मी हे अनेकदा अनुभवलंय. मागे तीन माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, डिझेल गाडी. वळणावर वेग पडला, मी तिसऱ्यातच रेटत राहिलो. पायाखाली जोर नाही, आरसा थरथरतोय, इंजिन कण्हतंय. दुसरा टाकला आणि गाडी एकदम मोकळी झाली. झालं असं होतं की तिसऱ्यात फेरे हजार-बाराशेवर आले होते आणि तिथे टर्बो जागाच नव्हता. एके काळी आपल्या कितीतरी गाड्यांत असलेल्या फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाचा १९० न्यूटन-मीटरचा टॉर्क २,००० फेऱ्यांवर मिळत असे. त्याच्या खाली ते इंजिन जणू दुसरंच, अशक्त इंजिन होतं. खालचा गिअर तिथे दोन कामं करतो: पहार लांब करतो आणि टर्बोला जागा करतो. टर्बो असलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनांना असं रेटण्याचा धोका आणखी मोठा. कमी फेऱ्यांवर पूर्ण भार दिला तर इंधन-हवा वेळेआधी पेट घेऊ शकते आणि पिस्टनला इजा होऊ शकते.

उंच गिअरची किंमत कुठे मोजावी लागते हे आपल्या हॅचबॅकवरच पाहू. पाचव्यात चाकावर जास्तीत जास्त १२० किलो जोर मिळतो. ताशी ८० ला त्यातले ३५ वारा आणि टायर घेतात. उरले ८५. बाराशे किलोची गाडी तेवढ्यावर फार तर चौदास एकचा चढ वेग न घालवता चढेल, आणि तेही इंजिनाचा पूर्ण टॉर्क हाताशी आहे असं धरून. चौथ्यात हाच हिशेब दहास एकपर्यंत जातो, तिसऱ्यात साताठास एकपर्यंत. पाचव्याचा रेशो आणखी उंच केला तर हायवेवर काही टक्के वाचतील, पण प्रत्येक उड्डाणपुलावर, प्रत्येक ट्रक ओलांडताना गिअर खाली घ्यावा लागेल. ज्याला तो सारखा बदलायचा कंटाळा आहे, तो माणूस सरळ चौथ्यातच गाडी हाकत राहील, आणि मग वाचलेलं सगळं परत जाईल. उंच गिअर वापरला गेला तरच वाचवतो.

अशी ओढाताण गाडी घडवणाऱ्याच्या टेबलावर रोज चाललेली असते. पहिला गिअर ठरतो तो भरल्या गाडीला उभ्या चढावर, क्लच न जाळता, सुटता यावं म्हणून. आपल्याकडे सहा माणसं पाचांच्या गाडीत बसतात, दर शंभर मीटरला गतिरोधक असतो, आणि लोकांना दुसऱ्या गिअरमध्ये अगदी चालण्याच्या वेगानं गाडी ओढावी असं वाटतं. म्हणून इथे खालचे गिअर जोरकस ठेवण्याकडे कल असतो, आणि मला तो रास्त वाटतो. सर्वात वरचा गिअर ठरतो हायवेच्या वेगावरून. मधल्यांचं अंतर मुद्दाम असमान असतं. आपल्या गाडीत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फेरे ५,००० वरून २,७०० वर कोसळतात, पण चौथ्यातून पाचव्यात ५,००० चे ४,००० होतात. खाली जोर मुबलक असतो, मोठी उडी चालते. वर वारा अडवत असतो, तिथे इंजिनाला ताकदीच्या पट्ट्यातून बाहेर पडू द्यायचं नसतं.

कधीकधी रेशो रस्त्यासाठी ठरत नाही, कागदासाठी ठरतो. शून्य ते शंभरचा आकडा जाहिरातीत चमकतो. आपल्या गाडीचा दुसरा गिअर ६,००० फेऱ्यांवर ताशी ८१ ला संपतो, म्हणजे शंभर गाठायला तिसरा टाकावा लागतो, आणि गिअर बदलण्यात वेळ जातो. दुसऱ्याचा रेशो १.९ चा १.५ केला की तोच गिअर शंभर ओलांडतो. कागदावर गाडी वेगवान झाली. गर्दीत मात्र दुसऱ्यातला जोर पाचव्या हिश्शानं गेला. वेगाच्या हौसेनं बनवणारे असं करत आले आहेत.

इंधनाच्या बाजूनंही असे डाव खेळले गेले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेनं १९७५ मध्ये कंपन्यांवर सरासरी मायलेजचं बंधन घालणारा कायदा केला. १९८१ मध्ये फोक्सवागननं ‘फॉर्मेल ई’ नावाच्या गाड्या आणल्या. त्यांत नेहमीच्या गिअरांवर एक खास उंच, केवळ बचतीचा गिअर होता, आणि दांड्यावर त्याचं अक्षरच ई. अमेरिकेतल्या कॉर्व्हेटची गोष्ट तर आणखी बोलकी. १९८९ मध्ये तिला सहा गिअर मिळाले, आणि सोबत एक यंत्रणा: हलक्या पायानं पहिल्यातून दुसऱ्यात जायला गेलं की दांडा अडून थेट चौथ्यात जायचा. चाचणीत इंधन कमी जळे आणि जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवरचा कर टळे. इंजिन इतकं दांडगं होतं की चौथ्यातही ते सहज ओढे. मालकांना मात्र ही जबरदस्ती खपली नाही, आणि ती यंत्रणा निकामी करणारे सुटे भाग बाजारात विकले जाऊ लागले.

आपल्याकडे गाडीच्या ॲव्हरेजचा छापील आकडा ‘एआरएआयचा’ म्हणून ओळखला जातो. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या चक्रानुसार चालवली जाते. त्या चक्रात वेग ताशी ९० च्या वर जात नाही, आणि मॅन्युअल गाडीचा गिअर कुठल्या वेगाला बदलायचा हेही आधीच ठरलेलं असतं. आकडा खोटा नसतो. पण त्यातून समृद्धी महामार्गाबद्दल काहीच कळत नाही. तिथे सपाट पट्ट्यात कारला ताशी १२० ची मुभा आहे. आपली हॅचबॅक त्या वेगाला ३,७०० फेऱ्यांवर असेल, आणि वाऱ्याचं काम वाढल्यानं दर किलोमीटरला शंभरच्या तुलनेत जवळपास तीस टक्के जास्त कष्ट घेईल. हे तीस टक्के कुठलाही गिअर परत मिळवून देत नाही. नागपूरहून निघून ‘छापील ॲव्हरेज मिळालं नाही’ म्हणणाऱ्यानं आधी वेगाचा काटा आठवावा.

मग गिअरांची संख्याच वाढवली तर? पाचाचे सहा, सहाचे आठ. २००९ मध्ये जर्मनीच्या झेडएफ कंपनीनं आठ गतींचा ऑटोमॅटिक आणला, आणि त्यानंतर दहा गतींपर्यंत मजल गेली. इथे संख्येपेक्षा पसारा पाहावा: सर्वात खालच्या रेशोला सर्वात वरच्यानं भागलं की तो मिळतो. आपल्या हॅचबॅकचा पसारा साडेचारच्याही आत आहे. झेडएफच्या त्या आठ गतींच्या खोक्याचा सातच्या आसपास. म्हणजे सुटताना जास्त जोर आणि हायवेला कमी फेरे, दोन्ही एकाच गाडीत. मधल्या पायऱ्या जवळजवळ असल्यानं इंजिनाला नकाशावरच्या चांगल्या जागेपासून फार लांब जावं लागत नाही. पसारा न वाढवता नुसते गिअर वाढवले तर दांडा हलवण्याचं काम तेवढं वाढतं. मॅन्युअलमध्ये सहाच्या पुढे जाण्यात मला अर्थ दिसत नाही. इतके गिअर हातानं नीट वापरणारे थोडे.

सीव्हीटीत पायऱ्याच नसतात. दोन पुल्यांचा व्यास बदलत जातो आणि मधला पट्टा रेशो सरकवत नेतो. हॉलंडच्या डाफनं १९५८ मध्ये तो लहान कारमध्ये आणला. आपल्याकडे २००३ च्या होंडा सिटीत तो आला. कागदावर हा सर्वोत्तम उपाय आहे, कारण इंजिन सतत काटकसरीच्या जागी ठेवता येतं. प्रत्यक्षात पट्टा घसरू नये म्हणून त्याला तेलाच्या दाबानं आवळून धरावं लागतं, आणि त्या आवळण्यात बचतीचा काही भाग जातो. शहरात मला तो आवडतो. घाटात पाय दाबला की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागाहून येते, ते कानाला पटत नाही. एएमटी हा खास आपल्या बाजारानं उचलून धरलेला मार्ग. २०१४ ची सेलेरिओ ही इथली पहिली अशी कार. साध्याच मॅन्युअल गिअरबॉक्सचा क्लच आणि दांडा यंत्र हलवतं, म्हणून दातांतली घट मॅन्युअलइतकीच कमी, ॲव्हरेज शाबूत. गिअर बदलताना मान पुढे जाते, एवढी त्याची किंमत.

न्यूट्रलबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की पेट्रोल वाचतं, हे मी अनुभवी माणसांच्या तोंडून अजूनही ऐकतो. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल तर संगणक इंधन पूर्ण तोडतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला चालू राहण्यासाठी उलट इंधन लागतं. आणि इंजिनाचा ब्रेक गेला की सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ते तापतात आणि धरेनासे होतात. बोरघाटात न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांनी किती घरं उद्ध्वस्त केली आहेत, हे महामार्ग पोलीस वर्षानुवर्षं सांगत आलेत. ज्या गिअरनं घाट चढायचा त्याच गिअरनं उतरायचा, ही जुन्या चालकांची शिकवण आजच्या संगणकाच्या हिशेबातही पेट्रोल वाचवणारी आहे.

एक रेशो मालक स्वतःच बदलतो आणि त्याला पत्ता नसतो: टायर. घेर १.८ मीटरचा १.९ केला तर सगळे गिअर एकदम साडेपाच टक्क्यांनी उंच होतात. पिकअप तेवढा मंदावतो, फेरे तेवढे उतरतात, आणि वेगाचा काटा व किलोमीटरचा आकडा दोन्ही कमी दाखवू लागतात. मग ॲव्हरेज काढताना किलोमीटरच कमी मोजले जातात, आणि माणूस मोठ्या टायरला खऱ्यापेक्षा जास्त दोष देतो.

विजेच्या गाडीत हा सगळा संसार आवरल्यासारखा दिसतो. मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते, पंधरा हजार फेऱ्यांपर्यंत फिरू शकते, आणि तिच्या नकाशावरची चांगली जागा ऐसपैस असते. म्हणून बहुतेक इलेक्ट्रिक कारना एकच स्थिर रेशो पुरतो. टेस्लाच्या पहिल्या रोडस्टरला दोन गतींचा गिअरबॉक्स ठरला होता. तो टिकेना, तेव्हा कंपनीनं मोटर आणि तिचं नियंत्रण सुधारून एकच गती ठेवली. पण एकच रेशो म्हणजे तडजोडही एकाच आकड्यात आली. पोर्शनं २०१९ च्या टायकानमध्ये मागच्या चाकांना दोन गती दिल्या, पहिली झेप घेण्यासाठी आणि दुसरी जर्मन महामार्गासाठी. आणि जिथे ओझं चाळीस टनांवर जातं, तिथे वोल्वोनं आपल्या विजेवरच्या एफएच ट्रकात मोटरांच्या मागे डिझेल ट्रकमधलाच बारा गतींचा आय-शिफ्ट गिअरबॉक्स कायम ठेवला आहे.